माहीमचा गोलंदाज

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक पाहुणे आले आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता साऱ्या घराची झोप उडवून गेले. पाहुणे म्हणजे कोणी सोयरे नव्हेत; बोरिवलीकडे मुलांना क्रिकेट शिकवणारे एक गृहस्थ. माझा धाकटा भाऊ आठवीत आहे आणि जलद चेंडू टाकतो. बोईसरच्या एका सामन्यात त्यांनी त्याला पाहिले होते. "मुलाला आमच्याकडे पाठवा, हात चांगला आहे," एवढेच ते म्हणाले. बाबा एम.आय.डी.सी.त पाळीवर कामाला जातात. त्यांनी विचारले, "पाठवीन हो, पण रोज कसा पाठवू?" पाहुण्यांनी या प्रश्नाला एका नावाने उत्तर दिले. शार्दुल ठाकूर!

हे नाव आमच्या भागात उत्तर म्हणून फार वापरले जाते. मुलगा पुस्तक टाकून मैदानावर पळाला की आजी हेच नाव घेते, आणि शिक्षक रागावले की मुलगाही हेच नाव पुढे करतो. मला मात्र त्या रात्री वाटले, की नाव आपण घेतो, पण त्यामागची हकीकत आपल्याला धड ठाऊक नाही. पालघरच्या फलाटावर क्रिकेटची पिशवी घेऊन उभा असलेला मुलगा आणि पुढे भारताची टोपी घालणारा खेळाडू, या दोहोंच्या मध्ये नेमके काय काय घडले? बाबांना निर्णय घ्यावयाचा होता. म्हणून मी ती हकीकत गोळा केली. तीच येथे मांडते.

शार्दुलचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. घर पालघरजवळच्या माहीम गावी. मुंबईच्या माहीमशी घोटाळा नको. आपले हे केळवे-माहीममधील माहीम, समुद्राकाठचे. वडील नरेंद्र ठाकूर शेती करणारे. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. शाळेसाठी शार्दुल बोईसरला तारापूर विद्यामंदिरात येत असे. म्हणजे आज आमच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी ज्या रस्त्याने येतात, त्याच रस्त्याने.

आता क्रिकेटच्या पायऱ्या सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. पहिली पायरी शाळेची. मुंबईत हॅरिस शिल्ड आणि जाइल्स शिल्ड या शालेय स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या आहेत. हॅरिस शिल्ड तर १८९७ पासून. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी १९८८ साली झाली, ती याच हॅरिस शिल्डमध्ये. दुसरी पायरी क्लबची. मुंबईचे क्लब पावसाळ्यात कांगा लीग खेळतात. डॉ. कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून सुरू आहे. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी सरपटतो, त्यात फलंदाजाची परीक्षा आणि गोलंदाजाची चैन! निवड करणाऱ्यांचे डोळे या सामन्यांवर असतात. तिसरी पायरी वयोगटांच्या संघांची आणि चौथी रणजी करंडकाची. रणजी १९३४-३५ पासून खेळला जातो. महाराष्ट्र राज्यातून त्यात तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पालघरचा मुलगा यांपैकी मुंबईच्या वाट्याला येतो. हे भाग्यही आहे आणि संकटही. भाग्य अशासाठी, की रणजी सर्वांत अधिक वेळा जिंकलेला संघ तो मुंबईचा. संकट अशासाठी, की त्या संघाचे दार ठोठावणारी मुले मोजता येणार नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांचे घर मैदानापासून अर्ध्या तासावर असते.

इंग्रजीच्या तासाला एकदा आयरिश नाटकावरून आयर्लंडच्या खेळांची गोष्ट निघाली होती. तेथे हर्लिंग नावाचा फार जुना खेळ आहे. लाकडी काठीने चेंडू मारावयाचा, एकेका बाजूला पंधरा गडी. त्या खेळाचा क्लब गावाचा असतो. मुलगा ज्या गावचा, त्या गावच्या क्लबातून तो खेळतो. तेथे चमकला तर परगण्याच्या संघात जातो. आणि परगण्याकडून खेळताना सारा देश पाहात असला तरी गावचा क्लब सुटत नाही. या खेळाचे पगार नाहीत. कोणी शिक्षक असतो, कोणी शेतकरी. दिवसभर काम करून संध्याकाळी सराव. सरांनी हे सांगितले तेव्हा मी आमच्याकडची तुलना करीत बसले. आमच्याकडेही पायऱ्या त्याच आहेत, क्लब आणि मग प्रांताचा संघ. फरक एवढाच, की आयरिश मुलाची पहिली पायरी त्याच्या गावात असते आणि आमची सुमारे शंभर किलोमीटरवर.

ते अंतर गाडीने तोडावे लागते. शार्दुलच्या शाळकरी दिवसांत विरारच्या पुढे लोकल नव्हतीच. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी आमच्याकडच्या माणसांचा जीव शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर टांगलेला. एक गाडी चुकली की पुढचा दिवसच गेला. पहाटे उठावयाचे, अंधारात स्टेशन गाठावयाचे, पिशवी कोणाच्या पायाला लागली म्हणून बोलणी खावयाची, आणि मैदानावर पोहोचल्यावर ताजेतवाने होऊन बारा-पंधरा पावलांची धाव घ्यावयाची. चर्चगेटपासून पालघर सुमारे नव्वद किलोमीटर. जाण्यायेण्यात चार-पाच तास सहज जातात. ज्याने हा प्रवास केला आहे त्याला मी अधिक सांगावयास नको, आणि ज्याने केला नाही त्याला सांगून कळणार नाही.

येथे या हकीकतीतील माझ्या मते सर्वांत मोठी घटना येते, आणि ती मैदानावर घडलेली नाही. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी शार्दुलला पाहिले ते प्रतिस्पर्धी म्हणून. तारापूर विद्यामंदिराकडून तो त्यांच्याच शाळेविरुद्ध खेळला आणि फलंदाजी-गोलंदाजी दोन्हींत चमकला. हेच लाड सर रोहित शर्माचेही शालेय गुरू. २०२२ सालच्या द्रोणाचार्य पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. त्यांनी शार्दुलला आपल्या शाळेत यावयास सांगितले. पण पालघरहून बोरिवलीची शाळा, सराव आणि परत घर, हे रोज जमणार कसे? घरच्यांची अडचण आमच्या बाबांचीच होती. तेव्हा लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हेत, सुमारे वर्षभर. त्यांचा मुलगा सिद्धेश हाही क्रिकेट खेळणारा. एका घरात दोन खेळाडू वाढू लागले. पुढे त्याच शाळेकडून हॅरिस शिल्डच्या एका सामन्यात शार्दुलने एका षटकात सहा षटकार मारले. लोक ते सहा षटकार लक्षात ठेवतात. मला त्या घरातील जादा ताट लक्षात राहते.

मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये मात्र आरंभ अगदीच बेताचा झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूरला राजस्थानविरुद्ध तो मुंबईकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. पहिल्या चार सामन्यांत मिळून बळी चार, आणि सरासरी ८२. ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : गोलंदाजाने दिलेल्या धावांना बळींच्या संख्येने भागले की सरासरी निघते. ती पंचवीसच्या आसपास असली तर गोलंदाज चांगला. ८२ म्हणजे एकेका बळीसाठी ८२ धावांची खैरात! अशा आकड्यावर मुंबईचा संघ फार दिवस कोणाला ठेवीत नाही. शरीर जड आहे, वजन उतरव, असेही त्याला सांगितले गेले होते. त्याने ते मनावर घेतले. पुढच्या हंगामात त्याचे सहा सामन्यांत २७ बळी झाले, आणि २०१४-१५ मध्ये दहा सामन्यांत ४८, सरासरी वीसच्या थोडी वर. ८२ वरून २० वर येणे ही गोष्ट दूरदर्शनवर कोणी दाखवली नाही. रणजीचे साखळी सामने पाहावयास असतात किती माणसे? गोलंदाज, फलंदाज, पंच आणि सावलीला बसलेले दहा-पाच निवृत्त गृहस्थ.

फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे रणजीचा अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध सौराष्ट्र. शार्दुलने पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात २६ धावांत पाच बळी घेतले. सौराष्ट्राचा दुसरा डाव ११५ धावांत आटोपला आणि मुंबईने डावाने सामना जिंकून ४१ वे विजेतेपद मिळवले. त्याच सामन्यात मुंबईकडून ८८ धावा काढून शेवटच्या गड्याबरोबर शतकी भागी करणारा फलंदाज होता सिद्धेश लाड. एका घरात वाढलेली ती दोन मुले! लाड सरांच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

भारताकडून तो जे खेळला ते बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये श्रीलंकेत पहिला एकदिवसीय सामना. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी, आणि तीत दहा चेंडू टाकून होतात न होतात तोच जांघेत दुखापत! पुढची कसोटी मिळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ती जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मिळाली. भारत ६ बाद १८६ असताना तो आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी १२३ धावा जोडल्या. शार्दुलच्या ६७, आणि सामन्यात सात बळी. तो सामना आणि मालिका भारताने जिंकली. विराट कोहलीने तेव्हा त्याला चक्क मराठीत दाद दिली, 'मानला रे ठाकूर' अशी, आणि तीही दुसऱ्यांदा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओव्हलवर ३१ चेंडूंत अर्धशतक, जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी. तो शेवटचा सामना मात्र आपण हरलो.

एक प्रसंग आमच्या बाबांना फार आवडतो. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून शार्दुल विमानाने मुंबईस उतरला आणि अंधेरीहून सरळ लोकल पकडून पालघरला निघाला. डब्यातील मुले त्याच्याकडे टकमक पाहात होती. हा तोच की दुसरा कोणी, हे ठरवण्यासाठी त्यांनी मोबाइलवर त्याचे छायाचित्र शोधले म्हणतात. बाबांच्या मते त्यात नवल काहीच नाही. घरी जावयाचे तर गाडीच लागणार.

मला स्वतःला अधिक मोलाचे वाटते ते तो भारताच्या संघाबाहेर असतानाचे खेळणे. मार्च २०२४ च्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूच्या १४६ धावांपुढे मुंबई ७ बाद १०६ अशी अडकली होती. नवव्या क्रमांकावर येऊन शार्दुलने १०९ धावा काढल्या. प्रथम श्रेणीतील त्याचे ते पहिले शतक. मुंबई डाव आणि ७० धावांनी जिंकली. अंतिम सामन्यात वानखेडेवर विदर्भाविरुद्ध पुन्हा पडझड, पुन्हा त्याच्या ७५ धावा, आणि मुंबईचे ४२ वे विजेतेपद. त्यानंतर पायाची शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आय.पी.एल.च्या लिलावात त्याला कोणी घेतलेच नाही. ज्याच्यासाठी २०२२ साली दिल्लीने पावणेअकरा कोटी मोजले होते, त्याला एकही गिऱ्हाईक नाही! बाजार तो बाजारच. तो पुन्हा रणजी खेळावयास आला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध ५१ आणि ११९ धावा केल्या; मुंबई तरीही हरली. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि मेघालयाची अवस्था २ धावांत ६ गडी अशी करून टाकली. मग आय.पी.एल.ची दारे उघडली, इंग्लंडचा दौराही मिळाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार म्हणून त्याची निवड झाली. माहीमचा मुलगा मुंबईचा कर्णधार.

ही सारी हकीकत मी एका रविवारी घरी वाचून दाखवली. भाऊ सहा षटकारांपाशी टाळ्या वाजवून बाहेर खेळावयास पळाला. आई मात्र लाड सरांच्या घरापाशीच थांबली. "वर्षभर?" तिने दोनदा विचारले. मग म्हणाली, "आपल्याला असे घर कोण देणार? आणि दिले तर आपण पोराला ठेवू का?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांना रात्रपाळीला जावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून परत येताना ते बोईसर स्टेशनवर उतरून थेट खिडकीपाशी गेले आणि भावाचा बोरिवलीपर्यंतचा पास काढून घेऊन आले. तूर्त शनिवार-रविवारच जावयाचे, असे ठरले. शाळा बोईसरचीच. पहाटेच्या गाडीला त्याला बसवून देण्यासाठी कधी बाबा जातात, त्यांची पाळी असली तर मी जाते. पिशवी त्याच्या खांद्यापेक्षा मोठी आहे. पास तीन महिन्यांचा आहे. परीक्षा संपता संपता त्याची मुदत संपेल, तेव्हा पुन्हा बसून बोलायचे आहे.