सीलबंद पुडीचा रस्ता

बारामतीच्या कोर्टात खुनाचा खटला उभा राहिला की वकिलांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : सीए रिपोर्ट. केमिकल अॅनालायझरचा, म्हणजे सरकारी रासायनिक तज्ज्ञाचा अहवाल. गुन्हा भिगवणला घडो की वालचंदनगरला, रक्ताळलेला सदरा, कोयता, मातीची पुडी पंचांसमोर लाखेने सीलबंद होते, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जाऊन पडते आणि मग कधीतरी एखादा हवालदार ती पुण्याला गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेत पोचवतो. इंदापूरहून हा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या वर भरतो. गेल्या पंचवीसेक वर्षांतले निकाल वाचताना मला वारंवार जाणवले की यंत्रापाशी जितके चुकते, त्याहून जास्त या रस्त्यात चुकते.

यंत्रापाशीही चुकले, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला जन्मठेप सुनावली. आकुर्डीत प्रसादातून आर्सेनिक देऊन पूर्वीच्या वाग्दत्त वराचा जीव घेतल्याचा तिच्यावर आरोप होता. पुराव्यांत एक नवीच चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला गप्प बसवले आणि ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये ऐकवली. मेंदूच्या लहरींवरून यंत्राने म्हणे ठरवले की ही नुसती माहिती नाही, हा तिचा स्वतःचा अनुभव आहे. चाचणी शोधणारे होते चंपादी रामन मुकुंदन. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने या तंत्राला शास्त्रीय आधार नसल्याचे आणि ते कोर्टात पुरावा म्हणून वापरू नये असे मत दिल्याचे बाहेर आले. पुढे उच्च न्यायालयाने तरुणीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग, म्हणजे मेंदूच्या लहरींची चाचणी, संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. तोवर ही तरुणी त्या चाचणीच्या कागदासह जन्मठेपेला गेली होती.

डीएनएचे तसे नाही. ते शास्त्र भक्कम आहे, आणि भक्कम आहे म्हणूनच त्याच्या नावापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ नुसार सरकारी तज्ज्ञाला पिंजऱ्यात न बोलावताही त्याचा अहवाल पुराव्यात वाचता येई, नव्या संहितेतही ती सोय आहे. उलटतपासणी होत नाही, कागद मात्र बोलतो.

ठाण्यात २०१० साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नमुने घेतल्यावर ते वेळेत पाठवले नव्हते आणि उशिराचे कारण कोणी दिले नव्हते. मधल्या दिवसांत पुडी कुठे, कोणाच्या ताब्यात होती, हे सिद्ध झाले नाही. अहवालात डीएनए जुळत होता, तरी तो मानता आला नाही. आरोपीचे निवेदन मराठीत लिहिले होते आणि त्याला कळणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवले नव्हते. पंचनामा मराठीत लिहायला शिकलेल्या आपल्या प्रांताने ही ओळ दोनदा वाचावी. त्या चिमुरडीच्या आईबापांचा विचार मनातून जात नाही. तेरा वर्षांनी त्यांच्या हातात काही उरले नाही, आणि ज्याला सोडले त्याच्याही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले : डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, ताबा कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवली पाहिजे. इंदापूरच्या ठाणे अंमलदाराला शनिवारी रात्री सील झालेली पुडी सोमवारी रात्रीच्या आत गणेशखिंडीत पोचवायची तर माणूस आणि वाहन दोन्ही लागतील. नियम कागदावर चांगलाच आहे.

संशय कोणावर घ्यायचा, हे मात्र पुडीच्या आधी ठरते. बारामती, इंदापूर भागात पारधी पालांना हे सांगावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, पण जून १९९८ मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यातला एक पारधी मेला. दिलीप डिसूझांनी ‘ब्रँडेड बाय लॉ’ या पुस्तकात त्याची कहाणी नोंदवली.

नाशिकजवळ २००३ मध्ये एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात त्यांना निर्दोष ठरवले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. विधी आयोगाने अशा माणसांसाठी भरपाईचा कायदा करा म्हणून २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला होता. तो कायदा झाला नाही.

त्या हल्ल्यातून एक बाई वाचली होती. पोलिसांनी तिला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला, तेव्हा तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. तिचा तो जबाब पोलिसांच्या कागदांत पहिल्यापासून होता.