चकव्याने नेलेली माणसे

भेस्तानच्या स्टेशनाबाहेर दिवेलागणीच्या सुमारास उभे राहिले, तर कारखान्यांची धुराडी आणि पाळी संपवून परतणाऱ्या माणसांची गर्दी एवढेच दिसते. येथे रान म्हणून काही उरलेले नाही. तरीही या वस्तीतील आपल्या मराठी घरांत रात्री पोरे झोपेनाशी झाली, की आजीच्या तोंडून जे निघते ते रानच असते. कोणाची आजी तळोद्याकडची, कोणाची नवापूरची, कोणाची साक्री-पिंपळनेरची. गोष्ट मात्र सर्वांची एकच. कोणी एक धडधाकट माणूस तिन्हीसांजेला ओळखीच्या पायवाटेने रानात गेला आणि परतला नाही. त्याला चकवा लागला!

आमच्या लहानपणी आम्ही जी गोष्ट ऐकली तीत नाहीशी झालेली व्यक्ती पुरुष नव्हती. आमच्या आजोळच्या गावातील ती एक विधवा बाई. चैत्रात मोहाची फुले वेचावयास पहाटेच गेली, टोपली झाडाखाली सापडली, बाई सापडली नाही. मोठी माणसे आवाज खाली आणून एवढेच सांगत आणि विषय संपवीत. ती टोपली मात्र कित्येक रात्री आमच्या डोळ्यांपुढून हलत नसे. या गोष्टीकडे आम्ही शेवटी पुन्हा येणारच आहोत. तत्पूर्वी ज्या मुलखात अशा गोष्टी उगवतात तो मुलूख वाचकांनी पाहावा.

उधन्याहून ताप्ती लाइनीची गाडी पूर्वेस निघाली, की व्यारा, सोनगड मागे टाकीत ती नवापूरकडे जाते. डाव्या हाताला तापीपलीकडे सातपुडा आणि उजव्या हाताला डांगचे डोंगर. सह्याद्रीची उत्तरेकडील ही शेवटची दाट झाडी. आहवा, वघई, सुबीर ही तेथील मुख्य ठिकाणे. साग आणि बांबू यांचे रान, मधून पूर्णा, अंबिका या नद्या, आणि भिल्ल, कोकणा, वारली अशा समाजांची विखुरलेली वस्ती. तेथील बोली कानी पडली तर आपल्या खानदेशी माणसास ती परकी वाटत नाही. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. परंतु गोष्टींना अशा सीमा ठाऊक नसतात.

चकवा हा त्या गोष्टींतील मुख्य नायक. तो दिसत नाही, मारीत नाही, केवळ वाट फिरवितो. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच झाडाखाली उभा! याला निव्वळ भाकडकथा म्हणून हसणाऱ्यांनी एक प्रयोग ध्यानात घ्यावा. २००९ साली यान सोमन या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह जर्मनीतील एका सपाट अरण्यात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ रेषेत चालावयास सांगितले. सूर्य अथवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. आभाळ भरून आले तेव्हा अरण्यातील माणसे गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधी कधी अवघ्या २० मीटर व्यासाची भरली. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पाहिले ते खरे होते. त्याचे कारण मात्र झाडावर नसून माणसाच्या डोक्यात होते. आणि वडीलधाऱ्यांचा उपाय तरी काय असे? चकवा लागलासे वाटले तर जागच्या जागी बसावे, उजाडेपर्यंत हलू नये. आजचा जाणता वाटाड्याही याहून वेगळे सांगणार नाही.

चकव्यानंतर वाघ. डांगमध्ये गावोगावी वाघदेव आहे. लाकडाच्या फळीवर अथवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले असतात. आपण ज्या दिवशी वसुबारस करतो त्याच दिवशी तेथे वाघबारस असते. गुरे आणि गुराखी सुखरूप परत यावेत म्हणून त्या दिवशी वाघदेवाला नैवेद्य होतो. रानातून न परतलेल्याची वाट पाहून थकलेले घर शेवटी वाघाकडे बोट दाखवी, आणि पुष्कळदा ते खरेही असे.

परंतु काळाची थट्टा अशी की पुढे वाघच नाहीसा झाला! १९८०च्या दशकातील गणतीत या टापूत वाघांची नोंद होती. नव्वदच्या दशकात ती पुसली गेली. १९७९ साली वांसदा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९० साली पूर्णा अभयारण्य झाले. तथापि वाघ टिकला नाही. २०१९च्या फेब्रुवारीत गुजरातेतच, पण दूर महिसागर जिल्ह्यात, एक वाघ अवचित दिसला, तोही त्याच महिन्यात मृत सापडला. देव आपल्या जागी राहिला आणि ज्याच्या भयाने तो देव झाला ते जनावर गेले.

वाघाला कोणी नेले याचे उत्तर चकव्यापाशी नाही. ते इतिहासात आहे. डांगचे लोक आपल्या काळाचे दोन भाग करतात. एक ‘मोगलाई’ आणि दुसरा ‘मंडिनी’. अजय स्कारिया या इतिहासकारांनी तेथील वृद्धांच्या ‘गोठी’ ऐकून १९९९ साली इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या दोन शब्दांचा विस्तार आहे. मोगलाई म्हणजे दिल्लीच्या मोगलांचे राज्य नव्हे. भिल्ल राजे आणि त्यांची माणसे रानात मोकळी हिंडत तो काळ. मंडिनी म्हणजे इंग्रजांनी रानाच्या हद्दी आखल्या तो. १८३० साली औट्रम फौज घेऊन डांगात शिरला आणि १८४२ साली भिल्ल राजांकडून सागाचे रान भाडेपट्ट्याने घेतले गेले. बडोदे संस्थानाने घातलेली बिलिमोरा-वघई ही अरुंद लोहवाट १९१३ साली सुरू झाली आणि सागाचे ओंडके समुद्राच्या दिशेने धावू लागले. त्या पट्ट्यांची आठवण म्हणून राजांच्या वंशजांना आजही होळीपूर्वी आहव्यास डांग दरबारात मानधन दिले जाते. रान असे कागदोपत्री, सहीशिक्क्यानिशी गेले. तेथील वृद्ध मोगलाई संपली म्हणतात तेव्हा त्यांना हेच नाहीसे होणे अभिप्रेत असते.

आता या मुलखातील एका हरवलेल्या पक्ष्याची हकीकत सांगतो, कारण तिच्यात आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड १८७३ साली ह्यूम यांनी प्रथम वर्णिले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर तो कोणास सापडेना. एकच नोंद याला अपवाद होती. कर्नल माइनर्ट्‌झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने आपण तो १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचे लिहून ठेवले होते. मांडवी म्हणजे आपल्या सुरत जिल्ह्यातलीच! पुढे सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्यांनी १९७०च्या दशकात शोध घेतला, पण व्यर्थ. पक्षी नामशेष झाला असेच जवळजवळ सर्वांनी धरले.

पामेला रासमुसेन या संशोधिकेने मात्र लंडनच्या संग्रहालयातील तो नमुनाच पुन्हा तपासला. चिठ्ठी खोटी निघाली. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसन यांचा जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला आपल्या नावाची आणि मांडवीची चिठ्ठी लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या, खऱ्या जागी शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा भर दिवसा झाडाच्या उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मध्यंतरी ११३ वर्षे गेली होती! पुढे तोरणमाळच्या रानात त्याचा अभ्यास झाला आणि चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. पक्षी कोठेच गेला नव्हता. शोधणाऱ्यांना चकवा लागला होता, आणि तो एका माणसाने लावला होता.

आमच्या आजोळच्या त्या बाईकडे आम्ही आता वळतो. पुष्कळ वर्षांनी, येथे भेस्तानमध्येच, त्या गावच्या एका वृद्ध आप्तांनी आम्हांस उरलेली गोष्ट सांगितली. त्या वर्षी गावात दोन मुले तापाने दगावली होती. भगताने बोट दाखविले. बाई डाकीण ठरली. तिच्या नावावर नाल्याकाठची थोडी चांगली जमीन होती आणि त्या जमिनीवर दिराची नजर होती. रात्री दारावर माणसे आली. बाई मागच्या दाराने रानात पळाली की पळू दिली गेली नाही, हे सांगताना ते आप्त थांबले. टोपली झाडाखाली कोणी ठेवली, हे आम्ही विचारले नाही. पुढल्या पावसाळ्यात जमीन दिराने नांगरली, एवढे मात्र ते आपण होऊन बोलले.

“मग तिला कोणी शोधले नाही?” आम्ही विचारले.

“चकव्यानं नेलेल्या माणसाला कोण शोधतं, दादा?” ते म्हणाले.

त्या एका वाक्याने लहानपणीची गोष्ट आमच्यापुरती उलटी झाली. मुलांनी तिन्हीसांजेला रानात जाऊ नये म्हणून सांगितलेला चकवा हा आजीचा शहाणपणा आहे. तो आम्ही आमच्या नातवंडांनाही सांगू. परंतु जो चकवा ‘आता शोधू नका’ असे सांगतो तो कर्नलसाहेबांच्या खोट्या चिठ्ठीसारखा आहे. ती चिठ्ठी कोणी लावली आणि तीपासून कोणाचे काय साधले, हे पाहिले पाहिजे. डाकीण ठरवून बायकांना मारणे, हाकलणे हे प्रकार या आदिवासी पट्ट्यात जुन्या कागदपत्रांत आहेत आणि दुर्दैवाने अलीकडच्या वर्तमानपत्रांतही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. गुजरातेनेही २०२४ साली असा कायदा केला. कायदा झाला तरी पोलीस ठाण्यापर्यंत कोणीतरी जावे लागते.

आणि ही गोष्ट केवळ डोंगरातील नव्हे. दिवाळी झाली, की डांगमधील कित्येक कुटुंबे कोयते घेऊन आपल्याच जिल्ह्यातील उसाच्या फडांत येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. तिकडे घरांना कुलपे, इकडे रस्त्याच्या कडेला पाचटाच्या झोपड्या. गावाच्या दृष्टीने ती माणसे अर्धे वर्ष दिसेनाशी होतात आणि आपण त्यांच्याजवळून रोज जात असूनही आपल्याला ती दिसत नाहीत.

त्या बाईचे पुढे काय झाले ते आम्हांस कळलेले नाही. ते आप्तही आता हयात नाहीत. परंतु आमच्या घरी ती गोष्ट आता वेगळ्या रीतीने सांगितली जाते. परवा आमच्या नातीने ती ऐकली आणि गोष्ट संपताच विचारले, “मग सकाळी तिला शोधायला कोण कोण गेलं?” आम्ही खरे ते उत्तर दिले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपण गेलो असतो.”