आच द्या, गारवा घ्या: कॅम्परमधला फ्रिज गार होत नाही तेव्हा

मित्रहो, मागच्या खेपेला आपण कार्यकारणभाव पाहिला. आज तोच एका यंत्रावर लावून पाहू. युरोप-अमेरिकेत लोक कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरतात. त्यातल्या अनेक फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. हा शोध १९२२ सालचा, स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांचा.

याचं काम कसं चालतं? खालून आच दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. मागच्या नळीत त्याचा द्रव होतो. तो हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जाताना आतली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली येतो. पंप नाही, सगळी भिस्त गुरुत्वाकर्षणावर.

म्हणून पहिला प्रश्न: गाडी सपाट उभी आहे का? फ्रिजरच्या तळावर पाणसळ ठेवून बघा. उतारावर द्रव नळीत अडकतो, आणि तसंच तासन्‌तास चालवलं तर बॉयलर तापून कायमचं नुकसान होतं. दुसरा प्रश्न हवेचा. मागची उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. जाळीत पाचोळा, गांधीलमाशीचं घर असं काही अडकलंय का? तिसरा, दाराचं रबर. फटीत कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल आहे. आणि घाई नको. हा फ्रिज गार व्हायला बरेच तास लागतात, तेव्हा आदल्या रात्रीच सुरू करावा.

एवढं करूनही गारवा नसेल, तर आम्ही तत्त्वज्ञानवाले मिलकडे वळतो. त्यानं १८४३ साली सांगितलेली भेदाची पद्धत अशी: बाकी सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला. इथे बदलायची ती आच. आत पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवा. एक दिवस गॅसवर चालवा, दुसऱ्या दिवशी मेन्सच्या विजेवर. विजेवर गार होतो, गॅसवर नाही? मग दोष बर्नरमध्ये, काजळीत किंवा गॅसच्या दाबात. गॅसवर होतो, विजेवर नाही? मग हीटर किंवा व्होल्टेज तपासायचं. १२ व्होल्टची बॅटरी मात्र या परीक्षेला घेऊ नका. अनेक मॉडेलांत ती आधीचा गारवा फक्त टिकवते.

दोन्हींवर गार होत नसेल, तरच संशय थर्मोस्टॅटवर, आणि त्यानंतर नळ्यांच्या बंद संचावर. हा संच बदलणं खर्चाचं काम, म्हणून हा निष्कर्ष शेवटी काढायचा.

एका बाबतीत मात्र प्रयोग करत बसायचं नाही. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली, तर गळती आहे. हायड्रोजन पेट घेतो, भुकटी विषारी असते. गॅस आणि वीज बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा, जाणकाराला बोलवा. कारण शोधणं चांगलंच, पण आधी आपण सुखरूप राहायला हवं, नाही का?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.