हात वर करणाऱ्यांची सभा

भागधारक म्हणजे कंपनीचा मालक, असे आपण सहज म्हणून जातो. कायद्याला ते तितकेसे मान्य नाही. चहाच्या कंपन्यांकडून आलेल्या लाभांशावर प्राप्तिकर कसा लावायचा, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगून टाकले की, वाटल्या गेलेल्या नफ्यात भागधारकाचा वाटा असतो; कंपनीच्या मालमत्तेवर, मळ्यातल्या एका झुडपावरही, त्याची मालकी नसते. मग या नावाच्या मालकाकडे उरते काय? लाभांश, मत आणि वर्षातून एकदा सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची मुभा. पहिल्या दोन गोष्टी शेअरांच्या वजनाने मिळतात. तिसरी माणशी मिळते, आणि म्हणून लहान गुंतवणूकदाराची खरी मिळकत तीच, असे मला वाटते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी अशा सभांना नेमाने जाऊ लागलो. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि सहा महिन्यांत सभा घ्यावी लागते. त्यामुळे गणपतीच्या आगेमागे मुंबईत सभांचाही हंगाम असे. मरीन लाइन्सचे बिर्ला मातोश्री सभागार हे त्यातले मोठे ठाणे. दाराशी हजेरीची पावती, आत गारवा, बाहेर पडताना खाण्याचे खोके. काही मंडळी अहवालापेक्षा खोक्याच्या वजनावरून कंपनीची पत ठरवीत. पुढे १ जुलै २०१५ पासून सभेत भेटवस्तू आणि कूपने वाटायला बंदी आली, तेव्हा कित्येकांचा उत्साह मावळला.

कादंबरी लिहिणाऱ्याला तेथे पात्रांचा तुटवडा नसतो. अध्यक्षांवर कवने रचून आणणारे, त्यांच्या नातवंडांना आशीर्वाद देणारे, 'आमच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार' म्हणत पाच मिनिटे खाणारे नेहमीचे वक्ते असत. पण मला आठवतात त्या एक बाई. सुती साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत अहवाल, त्यातून डोकावणाऱ्या कागदी खुणा. कंपनी मोठी, नाव सांगत नाही. बाईंनी एवढेच विचारले, "मागच्या टिपांमध्ये उपकंपनीला दिलेले कर्ज आहे. त्यावर व्याज का घेतलेले नाही?" मागून दोघेचौघे "बसा, बसा" म्हणाले. अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले, चिटणिसांनी वित्त-अधिकाऱ्यांकडे. चिठ्ठ्या फिरल्या. शेवटी उत्तर आले, "आपल्याला लेखी कळवू."

मी बँकेत उभी हयात ताळेबंद मागून पुढे वाचण्यात घालवली. पहिल्या पानावर फोटो असतात. संभाव्य देणी, आप्तकंपन्यांशी झालेले व्यवहार, लेखापरीक्षकांचे शेरे हे सगळे मागे, बारीक टायपात. बाईंनी नेमके तेथेच बोट ठेवले होते. उत्तर मिळाले नाही, हे हजार लोकांनी पाहिले. सभेची ताकद या पाहण्यात असते.

पूर्वी ठराव बहुधा हात वर करून मंजूर होत. लाखो शेअरांच्या धन्याचा एक हात आणि माझ्या शंभर शेअरांचाही एकच. अध्यक्षांनी ठरवले तर लगेच शेअरगणिक मतदान घेता येई, म्हणजे ही समता दोन घटकांचीच, पण होती. २०१४ पासून बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत मतदान संगणकावर आले आणि हात खाली गेले. मतदान निदान तीन दिवस चालते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. न दिलेले मत सभेतही देता येते खरे; पण अध्यक्ष माइक हाती घेतात तोवर बहुतेक निकाल यंत्रात जाऊन बसलेला असतो.

या बदलाला नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. लातूरच्या भागधारकाने पूर्वी काय करायचे? मुंबईचे तिकीट काढायचे, नाहीतर प्रतिनिधी पाठवायचा. आणि प्रतिनिधीला सभेत बोलायचा अधिकार कायदा देत नाही. दूरवरच्या मतांची किंमतही दिसली आहे. २०१४ साली टाटा मोटर्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मानधनाच्या ठरावांना आवश्यक ती तीन चतुर्थांश मते मिळाली नाहीत. व्यवस्थापनाला पुन्हा भागधारकांच्या दारी यावे लागले, आणि जानेवारी २०१५ मध्ये ते मंजूर झाले. त्यात मोठ्या संस्थांच्या मतांचे वजन होते हे उघड आहे. तरी 'नाही' म्हणता येते, हे सगळ्यांना कळले.

माझी तक्रार निराळी आहे. १९८६ साली रिलायन्सची सभा क्रॉस मैदानावर भरली, तीस हजारांहून अधिक भागधारक मांडवात जमले. त्याच कंपनीची १५ जुलै २०२० ची सभा करोनामुळे पडद्यावर झाली. साथ ओसरली, तरी अनेक कंपन्यांनी पडदा सोडलेला नाही. बोलायचे तर आधी नाव नोंदवा, पुकारा होईपर्यंत थांबा, आणि माइकची कळ कंपनीच्या हाती. घरबसल्या सभा पाहता येते, ही मोठीच सोय. पण उत्तर न सुचलेल्या अध्यक्षांकडे रोखलेले हजार डोळे पडद्यात मावत नाहीत. पडदा राहू द्या, सभागृहही उघडा. दोन्ही एकदम चालायला कोणाची हरकत असावी?

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. अहवाल आला की मागून वाचावा, एकच प्रश्न नेमका लिहावा, वेळेत नाव नोंदवावे आणि कवन न म्हणता तो विचारावा. शंभर शेअरांनी ठराव पडत नाही, हे खरेच. पण या टिपेवर उद्या कोणीतरी बोट ठेवणार आहे, एवढे ठाऊक असले की टीप लिहिणारा दोनदा विचार करून लिहितो.