मतपत्रिकेवर नसलेलं नाव

नोव्हेंबर 2025मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. तेव्हा त्या पदावर असलेल्या ग्लेन यंगकिन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. पक्षाने त्यांचं तिकीट कापलं नव्हतं आणि ते स्वतःही राजकारणाला कंटाळले नव्हते. व्हर्जिनियाची राज्यघटनाच सांगते, की चार वर्षांची एक टर्म झाली की बाजूला व्हायचं, लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायचं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नरच्या टर्मवर काही ना काही मर्यादा आहे, पण इतका कडक नियम आता फक्त व्हर्जिनियात उरला आहे. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा वरून नेमलेला नसतो. लोक त्याला थेट मत देऊन निवडतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो.)

नियम एका ओळीचा. पण त्याचे परिणाम कुठवर पोचतात हे शोधायला लागलं, की माणूस थक्क होतो.

आधी निकालच बघा. व्हर्जिनियात ही निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी येते. 1977पासून 2025पर्यंत अशा तेरा निवडणुका झाल्या आणि त्यातल्या बारा वेळा व्हाइट हाउसमध्ये ज्या पक्षाचा माणूस होता, त्याच पक्षाचा उमेदवार इथे पडला. कार्टर असताना रिपब्लिकन जिंकले, रेगन आल्यावर डेमोक्रॅट. ओबामांनी 2008मध्ये हे राज्य जिंकलं आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडे गेलं. बायडन यांच्या काळात यंगकिन आले, ट्रम्प परतल्यावर डेमोक्रॅट अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर आल्या. अपवाद फक्त 2013चा.

इतकी नियमित भरती-ओहोटी कशामुळे? कारणं बरीच असतील, पण त्यातलं एक मला फार बोलकं वाटतं. चार वर्षं कारभार केलेला माणूस समोर उभाच नसेल, तर मतदार त्याच्या कामाचा हिशेब कोणाकडे मागणार? दोन्ही उमेदवार त्या खुर्चीला नवे. मग देशात ज्या पक्षाविरुद्ध हवा असेल, ती सरळ राज्यात शिरते. 2021ची एकच रात्र याला पुरेशी आहे. न्यू जर्सीतही त्याच दिवशी मतदान होतं आणि वारं तिथेही डेमोक्रॅट पक्षाच्या विरोधातच होतं. पण तिथे गव्हर्नरला लागोपाठ दोन टर्म मिळतात, म्हणून फिल मर्फी स्वतः रिंगणात होते. ते जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने, पण तरले. व्हर्जिनियात त्यांच्याच पक्षाचे टेरी मॅकऑलिफ हरले. मॅकऑलिफ पूर्वी एक टर्म गव्हर्नर होते, नियमाप्रमाणे चार वर्षं बाहेर थांबून परतले होते आणि त्या चार वर्षांत हवा पालटली होती.

या नियमाचं मूळ थेट 1776मध्ये सापडतं. इंग्लंडच्या राजाने नेमलेल्या लॉर्ड डनमोर या गव्हर्नरला व्हर्जिनियाच्या लोकांनी नुकतंच पळवून लावलं होतं. त्यामुळे नवी घटना लिहिताना भीती एकच, की आपणच नेमलेला माणूस उद्या राजा होऊन बसला तर? म्हणून एकेका वर्षाची मुदत, लागोपाठ तीनच वेळा, मग चार वर्षं दूर. पॅट्रिक हेन्री हे त्या नियमाखालचे पहिले गव्हर्नर. लोकांनी थेट निवडायचा चार वर्षांचा गव्हर्नर 1851च्या घटनेने आणला, पण लागोपाठची बंदी तशीच राहिली. तेव्हापासून जनतेच्या मतांवर दोनदा गव्हर्नर झालेला माणूस व्हर्जिनियात एकच, मिल्स गॉडविन. 1965मध्ये ते डेमोक्रॅट म्हणून निवडून आले आणि मधली चार वर्षं सोडून 1973मध्ये रिपब्लिकन म्हणून!

बंदी आली की पळवाटही शोधली जाते. सगळ्यात विलक्षण पळवाट अलाबामात निघाली आणि ती गोष्ट वाचताना माझं मन विषण्ण होतं.

जॉर्ज वॉलेस 1963मध्ये अलाबामाचे गव्हर्नर झाले. वर्णभेदाचे ते कट्टर समर्थक. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले आणि देशभर गाजले. त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती आणि त्यासाठी गव्हर्नरपदाचा तळ हातात हवा होता. पण अलाबामातही लागोपाठ दुसरी टर्म नव्हती. 1965च्या शरदात त्यांनी घटनादुरुस्तीसाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. सेनेटमधल्या विरोधकांनी लांबलचक भाषणं करून ती अडवली आणि शेवटी मतं कमी पडली. तेव्हा वॉलेस यांनी पत्नीला उभं केलं.

लर्लीन वॉलेस एकेकाळी दुकानात काम करायच्या, चार मुलांच्या आई होत्या, मासेमारीची त्यांना भारी आवड. उमेदवारी जाहीर झाली तेव्हा कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना काही आठवडेच झाले होते. त्याहून अंगावर येणारी गोष्ट अशी, की 1961मध्ये बाळंतपणाच्या वेळीच डॉक्टरांना संशयास्पद पेशी दिसल्या होत्या. त्यांनी ते नवऱ्याच्या कानावर घातलं, लर्लीन यांच्या नाही. तेव्हा तशीच रीत होती. त्यांना स्वतःला कळायला 1965 उजाडलं.

प्रचारात काही लपवाछपवी नव्हती. मत लर्लीनना, कारभार जॉर्जचा, हे उघड सांगितलं जात होतं. ‘सरपंचपती’ पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) दहा उमेदवार असूनही त्यांना पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली आणि नोव्हेंबर 1966मध्ये त्यांनी रिपब्लिकन उमेदवाराला दुपटीहून अधिक मतांनी हरवलं. पण खुर्ची माणसाला थोडी तरी स्वतःची वाट देते. टस्कलूसातल्या मनोरुग्णालयाला आणि मतिमंद मुलांच्या संस्थेला त्यांनी भेट दिली, तिथले हाल पाहून त्या रडल्या आणि त्या संस्थांसाठी पैसा उभा करायच्या मागे लागल्या. हे काम त्यांचं स्वतःचं होतं. 7 मे 1968 रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. अलाबामात दोन टर्मची मुभा देणारी दुरुस्तीही 1968मध्येच झाली. जॉर्ज वॉलेस यांनी 1970 आणि 1974 असं लागोपाठ दोनदा निवडून येऊन तिचा लाभ घेतला.

कॅलिफोर्नियात मर्यादेने वेगळंच घडवलं. 1990मध्ये मतदारांनी कौल देऊन गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, ट्रेझरर, कंट्रोलर अशा राज्यभरातून निवडल्या जाणाऱ्या पदांवर आयुष्यात दोनच टर्मची मर्यादा घातली. त्यातून या पदांमध्ये संगीत खुर्ची सुरू झाली. बिल लॉकियर आठ वर्षं अ‍ॅटर्नी जनरल, मग आठ वर्षं ट्रेझरर. जॉन चँग आठ वर्षं कंट्रोलर, मग ट्रेझरर, मग 2018मध्ये गव्हर्नरपदासाठी प्रयत्न. राज्याला नवे चेहरे मिळावेत म्हणून केलेल्या नियमाने ओळखीचे चेहरेच नव्या दालनांत नेऊन बसवले. जेरी ब्राउन तर नियमाच्या फटीतून अलगद आले. त्यांच्या पहिल्या दोन टर्म 1975 ते 1983च्या, म्हणजे नियमाच्या आधीच्या, त्यामुळे त्या मोजल्याच गेल्या नाहीत. पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा ते 36 वर्षांचे होते, 2011मध्ये परतले तेव्हा 72चे. असा चार टर्मचा गव्हर्नर आता तिथे पुन्हा होणे नाही.

मग निवडणुकीची भीतीच उरली नाही की माणूस कारभार कसा करतो? टिमथी बेस्ली आणि अ‍ॅन केस या अर्थशास्त्रज्ञांनी 1995मध्ये दाखवलं, की पुन्हा उभं राहता न येणाऱ्या गव्हर्नरांच्या काळात कर आणि खर्च वाढतात. पण इथे एक गाठ आहे. शेवटच्या टर्ममधला गव्हर्नर बेफिकीर असेल, पण अनुभवीही असतोच की. दोन्ही परिणाम वेगळे कसे करायचे? 2011मध्ये जेम्स ऑल्ट, इथन ब्युनो द मेस्किता आणि शॅना रोझ यांनी ही गाठ सुरेख सोडवली. काही राज्यांत एकच टर्म, काहींत दोन. एक-टर्मवाला आणि दोन-टर्मवाला, दोघंही पहिल्या खेपेला सारखेच नवखे, पण निवडणुकीचा धाक एकालाच. उलट एक-टर्मवाला आणि दुसऱ्या टर्ममधला, दोघंही बिनधास्त, पण अनुभव एकालाच. तुलनेतून दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. धाक असतो तेव्हा कारभार सुधारतो आणि अनुभवानेही सुधारतो. राज्याराज्यांनी आपापल्या भांडणांतून केलेले नियम कुणी न मांडलेली प्रयोगशाळा होऊन बसले, हे मला या साऱ्यात सर्वांत अद्भुत वाटतं.

दक्षिणेतली बाकीची राज्यं एकेक करून एका टर्मचा नियम सोडत गेली, आणि तो कोण कसा सोडतो यातही माणूस दिसतो. नॉर्थ कॅरोलायनात 1977मध्ये दुरुस्ती झाली ती जिम हंट गव्हर्नर असताना. ती त्यांनाही लागू होती, आणि 1980मध्ये ते पुन्हा निवडून आले. केंटकीत 1992मध्ये ब्रेरटन जोन्स यांच्या कारकिर्दीत तशीच दुरुस्ती मंजूर झाली, पण तेव्हा पदावर असलेल्यांना तिच्यातून वगळून. जोन्स 1995मध्ये एकाच टर्मनंतर घरी गेले. त्यांचे लेफ्टनंट गव्हर्नर पॉल पॅटन त्या वर्षी त्यांच्या जागी आले, 1999मध्ये पुन्हा जिंकले आणि सुमारे दोनशे वर्षांत लागोपाठ दोनदा निवडून आलेले केंटकीचे पहिले गव्हर्नर ठरले.