डी–सेरीन

डी–सेरीन : सेरीन या ॲमिनो अम्लाचा एक त्रिमितीय समघटक. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो मुक्त स्थितीत आढळतो आणि तंत्रिका कोशिकांमधील (मज्जापेशींमधील) संदेशवहनात भाग घेतो. अध्ययन व स्मरण यांसाठी आवश्यक असलेला एक ग्राही कार्यान्वित होण्यास त्याची मदत लागते. परंतु हाच ग्राही प्रमाणाबाहेर उत्तेजित झाल्यास कोशिकांचा नाश होतो. म्हणून डी–सेरिनाची निर्मिती व विघटन करणाऱ्या एंझाइमांमधील समतोल मेंदूच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

समघटकता : ग्लायसिनाचा अपवाद सोडल्यास प्रथिनांतील ॲमिनो अम्लांच्या रेणूंची मांडणी निदान दोन प्रकारे होऊ शकते. हे प्रकार उजव्या व डाव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असून ते एकावर एक ठेवल्यास तंतोतंत जुळत नाहीत. त्यांना ‘एल्’ व ‘डी’ असे म्हणतात. सजीवांच्या कोशिकांत प्रथिने तयार होताना एल् प्रकारचीच ॲमिनो अम्ले वापरली जातात. एमील क्रामर यांनी १८६५ मध्ये रेशमातील सेरिसीन या प्रथिनापासून सेरीन प्रथम वेगळे केले. रेशीम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. डी प्रकारची काही ॲमिनो अम्ले सूक्ष्मजंतूंच्या कोशिकाभित्तींत असतात, हे पुढे ज्ञात झाले. परंतु उच्च प्राण्यांच्या शरीरात त्यांना काही विशिष्ट कार्य असेल, असे दीर्घकाळ मानले जात नव्हते.

शोध : या समजुतीशी न जुळणारी एक गोष्ट मात्र पूर्वीच आढळली होती. एच्. ए. क्रेब्ज यांना १९३५ मध्ये मूत्रपिंडात डी–ॲमिनो अम्लांचे ऑक्सिडीकरण करणारे एंझाइम सापडले. त्याला फ्लाविन ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड हे सहएंझाइम लागते, असे ओटो वारबुर्ख व व्हाल्टर क्रिस्टिआन यांनी १९३८ मध्ये दाखविले. ब२ जीवनसत्त्व हा या सहएंझाइमाचा एक घटक आहे. पुढे डी–ॲमिनो अम्ल ऑक्सिडेज हे एंझाइम मेंदूतही, विशेषतः निमस्तिष्कात (लहान मेंदूत), असल्याचे आढळले. आहारातून व आतड्यांतील सूक्ष्मजंतूंपासून येणाऱ्या डी–ॲमिनो अम्लांचा निचरा करणे, हे त्याचे मूत्रपिंडातील कार्य समजण्यासारखे होते. मेंदूत मात्र त्याचे प्रयोजन कळत नव्हते. जपानमधील ए. हाशिमोटो, टी. निशिकावा व त्यांचे सहकारी यांना १९९२ मध्ये उंदराच्या मेंदूत डी–सेरीन लक्षणीय प्रमाणात आढळले, तेव्हा सुमारे सहा दशकांच्या या कोड्याचा उलगडा होऊ लागला. डी–सेरिनाची वाटणी सर्वत्र सारखी नसते. प्रौढ प्राण्याच्या निमस्तिष्कात ऑक्सिडेज विपुल व डी–सेरीन अत्यल्प, तर प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकात याच्या उलट स्थिती असते.

कार्य : ग्लुटामेट हे मेंदूतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक द्रव्य होय. त्याच्या अनेक ग्राहींपैकी एन्–मिथिल–डी–ॲस्पार्टेट (एनएमडीए) ग्राही विशेष प्रकारचा आहे. बँकेतील तिजोरीचा कप्पा उघडण्यास ज्याप्रमाणे दोन किल्ल्या लागतात, त्याप्रमाणे या ग्राहीला ग्लुटामेटाबरोबरच दुसरेही एक द्रव्य जोडले जावे लागते. ग्लायसीन हे ते द्रव्य असल्याचे जे. डब्ल्यू. जॉन्सन व पी. ॲशर यांच्या १९८७ मधील प्रयोगांवरून दिसून आले; त्याच जागी डी–सेरीनही प्रभावीपणे जोडले जाते. शिवाय ग्राहीतील मार्ग मॅग्नेशियम आयनाने अडविलेला असतो व कोशिका आधीच काही अंशी उत्तेजित असली तरच तो मोकळा होतो. या सर्व अटी पूर्ण झाल्या म्हणजे कॅल्शियम आयन कोशिकेत शिरतात आणि दोन तंत्रिका कोशिकांमधील अनुबंधन (संपर्कस्थान) दीर्घकाळ दृढ होते. हा अध्ययन व स्मरण यांचा एक मूलभूत आधार मानला जातो. २००० साली जे. पी. मोते व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतकातील डी–सेरीन ऑक्सिडेजाच्या साहाय्याने नष्ट केले असता या ग्राहीचे कार्य मंदावले. डी–सेरीन पुन्हा घातल्यावर ते पूर्ववत झाले.

निर्मिती व विघटन : एल्–सेरिनाचे डी–सेरिनात रूपांतर करणारे सेरीन रॅसिमेज हे एंझाइम एच्. वोलोस्कर, एस्. एच्. स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मेंदूतून शुद्ध स्वरूपात मिळविले. ब६ जीवनसत्त्वापासून बनणारे पिरिडॉक्सल फॉस्फेट हे त्याचे सहएंझाइम होय. हे एंझाइम सेरिनाचे पायरूव्हेट व अमोनिया यांमध्ये विघटनही करू शकते. डी–सेरीन तारकाकृती आधारकोशिकांत तयार होते, असे प्रारंभी मानले जात होते. पुढील संशोधनात रॅसिमेज मुख्यतः तंत्रिका कोशिकांत आढळले. आधारकोशिका ग्लुकोजापासून एल्–सेरीन बनवून तंत्रिका कोशिकांना पुरवितात, असे आता दिसते. ऑक्सिडेजाच्या क्रियेने डी–सेरिनापासून हायड्रॉक्सिपायरूव्हेट, अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड ही द्रव्ये तयार होतात.

वैद्यकीय महत्त्व : रॅसिमेजाचा अभाव असलेल्या उंदरांच्या मेंदूत डी–सेरीन फार घटते व एनएमडीए ग्राहीचे कार्य दुर्बळ होते. हा ग्राही रोखणाऱ्या फेनसायक्लिडीन या द्रव्यामुळे निरोगी माणसातही छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) या विकारासारखी लक्षणे उद्भवतात; त्यामुळे या विकारात ग्राहीचे कार्य मंदावलेले असावे, अशी एक उपपत्ती मांडण्यात आली. तैवानमधील रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला डी–सेरीन दिले असता सुधारणा झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नाही. सरबते व लोणची टिकविण्यासाठी वापरण्यात येणारे सोडियम बेंझोएट ऑक्सिडेजाला रोखते; त्याच्याही चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळणारे नाहीत.

उलटपक्षी, मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला असता एनएमडीए ग्राहीच्या अतिउत्तेजनाने कोशिका मरतात; रॅसिमेज नसलेल्या उंदरांत ही हानी कमी होते. २०१० मध्ये एका कुटुंबातील प्रेरक तंत्रिका कोशिकांच्या ऱ्हासाच्या विकाराशी ऑक्सिडेजाच्या जनुकातील दोषाचा संबंध आढळला. तसेच डी–सेरिनाच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा होते. ज्या द्रव्याच्या न्यूनतेने व आधिक्याने सारखाच अपाय संभवतो, त्याचा औषध म्हणून उपयोग करताना मेंदूच्या कोणत्या भागात व किती प्रमाणात ते वाढवावयाचे, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.