कॉलेजच्या पोरांचा दौरा आणि चांदीचं भांडं

डेव्हिस चषकात आज दरवर्षी दीडशेच्या आसपास देश उतरतात. एवढा पसारा असलेली वार्षिक सांघिक स्पर्धा खेळांच्या जगात क्वचितच दुसरी असेल. कुठल्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ठराव करून ती सुरू केलेली नाही. ती सुचली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला, मित्रांबरोबर सुट्टीत केलेल्या दौऱ्यानंतर.

टेनिसमध्ये विजेत्यांच्या याद्या सगळ्यांना पाठ असतात. दौऱ्यांची आठवण मात्र कुणी फारशी ठेवत नाही. तरीही हा खेळ कोणत्या देशात कसा पोचला, कुठल्या देशाच्या संघात कोण खेळला, याचं उत्तर पुष्कळदा एकाच साध्या प्रश्नात असतं: त्या काळी प्रवास कोणाला परवडत होता? महिनाभर गावोगाव खेळत हिंडायला वेळ हवा, पैसा हवा आणि अंगात रग हवी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या तिन्ही गोष्टी एकत्र सापडायच्या त्या बड्या विद्यापीठांतल्या श्रीमंत घरच्या पोरांकडे.

रेल्वेनं पॅसिफिकपर्यंत

ड्वाइट डेव्हिस हा सेंट लुईसच्या धनाढ्य घराण्यातला, डावखुरा, जोरकस खेळाचा मुलगा. १८९९च्या उन्हाळ्यात तो, होल्कम वॉर्ड आणि माल्कम व्हिटमन हे हार्वर्डचे तिघे, आणि त्यांच्याबरोबर बील्स राइट हा तरुण खेळाडू, असे चौघे पूर्व किनाऱ्यावरून रेल्वेनं कॅलिफोर्नियाला गेले. बरोबर वडीलधारा माणूस म्हणून बील्सचे वडील जॉर्ज राइट होते. ते आपल्या काळातले नामांकित बेसबॉलपटू. पुढे त्यांनी 'राइट अँड डिटसन' ही खेळाच्या सामानाची कंपनी काढली. त्या कंपनीचे टेनिसचे चेंडू अमेरिकाभर खपायचे, तेव्हा या दौऱ्यात थोडा व्यवहारही होताच.

मॉन्टेरेच्या डेल मॉन्टे हॉटेलच्या कोर्टांवर पूर्वेच्या या पोरांचे पश्चिमेच्या खेळाडूंशी सामने झाले. तोवर अमेरिकन टेनिस म्हणजे बॉस्टन, न्यूयॉर्क, न्यूपोर्ट एवढ्याच परिसराचा मामला होता. एका किनाऱ्याचा संघ दुसऱ्या किनाऱ्याशी भिडतोय म्हटल्यावर लोक उत्साहानं जमले. दौरा पुढे उत्तरेकडे थेट ब्रिटिश कोलंबियापर्यंत गेला. परतताना डेव्हिसच्या मनात विचार घोळू लागला, की एका देशाच्या दोन टोकांमधल्या सामन्यांना इतका प्रतिसाद मिळतो, तर दोन देशांमधल्या सामन्यांना किती मिळेल? त्याच वर्षी अमेरिकेज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ब्रिटन विरुद्ध अमेरिका झुंज गाजत होती. नौकांना जमतं ते टेनिसला का जमू नये?

डेव्हिसनं स्वतःच्या खिशातून हजारेक डॉलर घालून बॉस्टनच्या 'श्रीव्ह, क्रम्प अँड लो' या पेढीकडून चांदीचं एक भलंमोठं भांडं करवून घेतलं. वजन २१७ ट्रॉय औंस, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास. दोन दिवस मिळून चार एकेरी आणि मधल्या दिवशी एक दुहेरी, हा सामन्यांचा आराखडाही त्याचाच. पाच सेटच्या लढतींसह तो आराखडा २०१८पर्यंत टिकला.

जहाजानं अटलांटिकपार

ऑगस्ट १९००मध्ये बॉस्टनच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर पहिली लढत झाली. ब्रिटिश बेटांकडून आर्थर गोर, अर्नेस्ट ब्लॅक आणि हर्बर्ट रोपर बॅरेट हे तिघे आले होते. ब्रिटनचे सर्वांत मोठे खेळाडू डोहर्टी बंधू आले नव्हते. अमेरिकेतर्फे डेव्हिस, व्हिटमन आणि वॉर्ड, म्हणजे राष्ट्रीय संघाच्या नावाखाली हार्वर्डचाच संघ! कर्णधार डेव्हिस तेव्हा २१ वर्षांचा होता.

पाहुण्यांनी सरावाऐवजी नायगारा धबधबा पाहणं पसंत केलं, आणि ते त्यांना महागात पडलं. कोर्टावरचं गवत इंग्लंडपेक्षा बरंच वाढलेलं, जाळी सैल पडणारी, चेंडू मऊ. त्यात भर म्हणजे वॉर्ड आणि डेव्हिसची 'अमेरिकन ट्विस्ट' सर्व्हिस. चेंडू हवेत एका बाजूला वळायचा आणि टप्पा पडल्यावर दुसऱ्याच बाजूला उसळायचा. इंग्लिश खेळाडूंनी असं काही पाहिलंच नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत अमेरिकेनं ३-० अशी विजयी आघाडी घेतली आणि उरलेला खेळ पावसानं धुऊन नेला. पाहुण्यांनी कोर्ट, जाळी आणि चेंडू तिन्हींबद्दल तक्रारी केल्या. परदेश दौऱ्यातला संघ आजही हरल्यावर साधारण हीच यादी वाचतो.

पुढच्या वर्षी डेव्हिस आणि वॉर्ड उलट दिशेनं विम्बल्डनला गेले आणि दुहेरीच्या अंतिम लढतीपर्यंत पोचले. तिथं त्यांना हरवलं रेगी आणि लॉरी या डोहर्टी बंधूंनी. हे दोघे केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉल कॉलेजचे. १९०२मध्ये डोहर्टी संघाबरोबर अमेरिकेत आले, पण ब्रिटिश निवडकर्त्यांनी एकेरीत लॉरीला बाहेर ठेवून जोशुआ पिम या जुन्या विम्बल्डन विजेत्याला खेळवलं. पिम डॉक्टर होते. त्यांचं नाव आधी गुप्त ठेवून 'मिस्टर एक्स' असा गाजावाजा झाला होता. या मिस्टर एक्सनी दोन्ही एकेरी गमावल्या आणि चषक २-३ असा निसटला. १९०३मध्ये ती चूक टाळली गेली. डोहर्टींनी चषक अटलांटिकपार नेला. शिवाय लॉरीनं अमेरिकेची राष्ट्रीय एकेरी स्पर्धाही जिंकली. ती जिंकणारा तो पहिला परदेशी खेळाडू.

एरवीचे वैरी, दौऱ्यातले जोडीदार

डेव्हिस चषक पुढे देशांचा झाला, व्यावसायिकांचा झाला. विद्यापीठांच्या दौऱ्याची मूळ चव ज्या स्पर्धेत अजून टिकून आहे, ती म्हणजे प्रेंटिस चषक. १९२१पासून ऑक्सफर्ड-केंब्रिजचा संयुक्त संघ आणि हार्वर्ड-येलचा संयुक्त संघ एकमेकांशी खेळत आले आहेत. लढत एक वर्षाआड होते, एकदा इंग्लंडमध्ये, तर एकदा अमेरिकेत. चषकाला नाव आहे बर्नन प्रेंटिस यांचं. न्यू जर्सीतल्या सीब्राइट क्लबचे ते आधारस्तंभ होते आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचे न खेळणारे कर्णधार.

यातली गंमत कळायला या विद्यापीठांचं आपसातलं वैर ठाऊक असावं लागतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात टेनिसचा वार्षिक सामना १८८१पासून चालू आहे. त्यात खेळणाऱ्याला 'ब्लू' हा मान मिळतो, ऑक्सफर्डला गडद निळा आणि केंब्रिजला फिकट. हार्वर्ड आणि येल यांची फुटबॉलची ठसनही दीडशे वर्षांची. प्रेंटिस चषकाच्या दौऱ्यात हेच वैरी एका संघात येतात. विद्यापीठ सामन्यात ज्याच्या बॅकहँडवर मुद्दाम मारा केला, त्याच्याच शेजारी उभं राहून दुहेरी खेळायची आणि त्याचा तोच बॅकहँड आता झाकायचा. टेनिसपटूला लहानपणापासून एकट्यानं लढण्याची सवय लागलेली असते. दौऱ्यावर दुसऱ्याच्या हरण्याजिंकण्याचा हिशेब आपल्या खात्यात येतो, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच अनुभवायला मिळतं.

दौऱ्याचा खरा कस मात्र कोर्टाच्या पृष्ठभागावर लागतो. विम्बल्डनचं गवत आज आठ मिलिमीटर उंचीला कापलेलं, शंभर टक्के रायगवताचं असतं. चेंडू खाली राहतो आणि घसरत येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिरवट राखाडी 'हार-ट्रू' कोर्टं सर्रास दिसतात. ती व्हर्जिनियातल्या दगडाचा चुरा करून बनवतात. त्यांच्यावर चेंडू उंच उसळतो, पाय घसरवत फटका मारावा लागतो आणि रॅली लांबतात. विद्यापीठांची स्वतःची कोर्टं बहुतेक सिमेंट-अॅक्रिलिकची, वेगळ्याच गतीची. आठवड्याभरात तीन प्रकारच्या कोर्टांवर खेळायचं तर रॅकेटच्या तारांचा ताण, बूट आणि उभं राहण्याची जागा सगळंच बदलावं लागतं. पहिले चार-पाच दिवस तर वेळेच्या फरकानं झोपेचं खोबरं झालेलं असतं. म्हणूनच अशा दौऱ्यांत मुख्य लढतीआधी स्थानिक क्लबांशी सामने ठेवतात. त्यात हार-जीत गौण, पाय आणि डोळे रुळणं महत्त्वाचं.

आधीच परदेशात असलेले भारतीय

भारत डेव्हिस चषकात उतरला तोही १९२१मध्येच. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून जहाजानं लंडन गाठायला तेव्हा दोन-तीन आठवडे लागत. संपूर्ण संघ इथून पाठवायचा तर खर्च आणि काळ दोन्ही परवडत नसत. त्यामुळे सुरुवातीच्या भारतीय संघांवर शिक्षणासाठी किंवा कामासाठी इंग्लंडमध्ये असलेल्या खेळाडूंची छाप दिसते. लाहोरचे बॅरिस्टर मोहम्मद सलीम, आयसीएसमधले सिडनी जेकब आणि फैझी बंधू ही त्यांतली ठळक नावं. १९२१मध्ये या संघानं पॅरिसमध्ये फ्रान्सला ४-१ असं हरवलं आणि उपांत्य फेरीसाठी थेट शिकागो गाठलं.

१९२२मध्ये भारताकडून खेळलेले मद्रासचे कोटा रामस्वामी केंब्रिजचे टेनिस 'ब्लू' होते. पुढे १९३६मध्ये मँचेस्टरला चाळिशी ओलांडल्यावर ते भारतासाठी पहिली क्रिकेट कसोटी खेळले आणि ४० व ६० धावा करून आले. हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादीही केंब्रिजचेच, पीटरहाउसचे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते टेनिस खेळले आणि रणजी करंडकातलं पहिलं शतक त्यांच्याच नावावर आहे. इतके खेळ खेळायचे की लोक त्यांना 'रेनबो हादी' म्हणत. ही माणसं गुणवान होतीच. पण भारतात राहिलेल्या तितक्याच गुणवान खेळाडूला संधी मिळाली नाही, आणि यांना मिळाली, त्यात केंब्रिजच्या पत्त्याचा वाटा मोठा होता.

शिकागोत भारताला ५-०नं हरवलं जपाननं. त्या जपानी संघाची कथाही अशीच. जपानी विद्यार्थी आयात चेंडू परवडत नाहीत म्हणून रबराच्या मऊ चेंडूनं खेळत. १९१३मध्ये केओ विद्यापीठानं ती सवय सोडून जगभर चालणारा चेंडू स्वीकारला. केओचे इचिया कुमागाए १९१६मध्ये अमेरिकेत गेले आणि त्यांनी न्यूपोर्टला आदल्या वर्षीच्या अमेरिकन विजेत्याला, बिल जॉन्स्टनला हरवलं. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांना मिळालेलं रौप्य म्हणजे जपानचं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांचा सहकारी झेंझो शिमिझू तर मित्सुई कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला असताना तिथल्या कोर्टांवर तयार झाला होता. भारताला हरवणाऱ्यांपैकी एकाचा हात असा भारतातच बसलेला!

आजचा दौरा

आज चित्र उलटं झालंय. प्रवास स्वस्त झाला, पण नियम वाढले. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए संघाला चार वर्षांतून एकदाच परदेश दौरा करू देते. खेळाडूंचा अभ्यास बुडू नये आणि श्रीमंत विद्यापीठांनी सहलींचं आमिष दाखवून खेळाडू पळवू नयेत, यासाठी असे निर्बंध उपयोगी पडतात.

तिथल्या कॉलेज लढतीचा साचाही सांघिक खेळासाठीच घडवलेला आहे. आधी तीन दुहेरी एकाच वेळी, प्रत्येकी एकच सेट; त्यांतल्या दोन जिंकणाऱ्याला मिळून एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. सातपैकी चार गुण आधी मिळवणारा संघ जिंकतो. ड्यूस झाला की पुढचा एकच गुण निर्णायक. शेजारच्या कोर्टावरून सहकारी ओरडत असतात, प्रेक्षक गप्प बसत नाहीत. फ्रान्समध्ये २००६पासून भरणारी 'मास्टर'यू' ही विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तर मुलं-मुली एकाच संघात घेते: चार एकेरी, पुरुष व महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. मिश्र दुहेरीला इथं संघाचा निकाल फिरवण्याइतकं मोल आहे.

आणखी एक बदल मोठा आहे. एनसीएएच्या वरच्या गटातल्या पुरुष टेनिस संघांत आज निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असतात. शिष्यवृत्त्यांची मर्यादा अगदी अलीकडेपर्यंत पुरुष संघाला साडेचार आणि महिला संघाला आठ अशी होती. म्हणजे पुरुषांत एकच शिष्यवृत्ती दोघा-तिघांत वाटली जायची. तरीही जगभरची मुलं तिथं जातात, कारण शिक्षण, प्रशिक्षक, फिजिओ आणि भरपूर सामने एकाच छताखाली मिळतात. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात असताना १९९५मध्ये एनसीएए दुहेरी विजेता ठरला. व्हर्जिनियाच्या सोमदेव देववर्मननं २००७ आणि २००८ असं सलग दोनदा एकेरीचं विजेतेपद मिळवलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, तर ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून. हीच ऋतुजा २०२३मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या जोडीनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकून आली.

आपली बाजू

म्हणजे आपले विद्यार्थी परदेशी विद्यापीठांच्या संघातून दौरे करतात. आपल्या विद्यापीठाचा संघ म्हणून मात्र फारसे कुठं जात नाहीत. आपल्याकडे विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी भारताचा संघही निवडला जातो. पण तो निवडक खेळाडूंचा, काही दिवसांचा मामला. संघात चौथ्या-पाचव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलाला वा मुलीला तिथं जागा नसते. ड्वाइट डेव्हिस पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री झाला, फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला; माल्कम व्हिटमन आणि वॉर्ड उद्योगधंद्यात गेले. टेनिस त्यांच्यापैकी कुणाचाच पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. ज्यांना पुढे व्यावसायिक व्हायचंच नाही, अशांनाही दौऱ्याचा फायदा होतो, हेच या इतिहासातून दिसतं.

मुंबई आणि पुणे विद्यापीठांचं खेळातलं वैर ऑक्सफर्ड-केंब्रिजइतकं जुनं नसेल, पण ते आहे. या दोघांनी वर्षाआड एक संयुक्त संघ करावा, तीन मुलं आणि तीन मुली, आणि कोलंबो किंवा बँकॉकच्या एखाद्या विद्यापीठाला सामन्यांसाठी पत्र लिहावं. विमानाचं भाडं आज एखाद्या बऱ्या रॅकेट-जोडीएवढं असतं. यजमानांच्या घरी राहायचं, एक वर्षाआड त्यांना आपल्याकडे बोलवायचं. चांदीचं भांडं घडवायची घाई नको; डेव्हिसनंही आधी दौरा केला, मग भांडं करवून घेतलं.